लिनक्समधील वाय-फाय ड्रायव्हर

लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या संगणकात वाय-फाय चिप व कार्यप्रणाली यांच्यात दुवा साधणाऱ्या आज्ञावलीस वाय-फाय ड्रायव्हर असे म्हणतात. जोडणी वारंवार तुटणे, वेग अचानक घटणे किंवा संगणक निद्रावस्थेतून जागा झाल्यावर जाळे न सापडणे या तक्रारींचे मूळ अनेकदा राउटरमध्ये नसून ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा त्यांच्या वीजबचतीच्या मांडणीत असते.

रचना

वाय-फाय जोडणीचे काम अनेक स्तरांत विभागलेले असते. सर्वांत खाली चिप व तिच्यावर चालणारे फर्मवेअर असते. बहुतेक चिपांमध्ये फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. संगणक सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरील फाइलमधून चिपमध्ये भरतो. त्यावर ड्रायव्हर आणि अनेक ड्रायव्हरांना सामाईक असलेला ‘मॅक८०२११’ हा कर्नलचा भाग काम करतो. डेविसस्केप या कंपनीने दिलेल्या संकेतावर आधारलेला हा भाग २००७ साली लिनक्स २.६.२२ मध्ये समाविष्ट झाला. काही चिपा जोडणीचे व्यवस्थापन स्वतःच्या फर्मवेअरमध्येच करतात व त्यांना या भागाची गरज नसते. रास्पबेरी पाय ३ मधील ब्रॉडकॉम चिप या प्रकारची आहे. सर्वांत वरच्या स्तरावर नेटवर्कमॅनेजरसारख्या आज्ञावल्या जाळ्याची निवड व परवलीचा शब्द सांभाळतात.

इतिहास

सुरुवातीच्या काळात अनेक उत्पादकांनी चिपांची तांत्रिक माहिती खुली केली नव्हती. त्यामुळे विंडोजसाठीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवणाऱ्या ‘एनडिसरॅपर’चा आधार घेतला जाई. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हरचे विश्लेषण करून तपशील लिहिला आणि दुसऱ्या गटाने केवळ तो तपशील वाचून नवा ड्रायव्हर रचला. त्यातून पुढे आलेला ‘बी४३’ २००८ च्या आरंभी लिनक्स २.६.२४ मध्ये आला. त्याचे फर्मवेअर वितरित करण्याची परवानगी नसल्याने वापरकर्त्याला ते वेगळे मिळवावे लागे. अथेरॉसने २००८ मध्ये ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर दिला, तर ब्रॉडकॉमने २०१० मध्ये आपल्या काही चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

फर्मवेअरच्या अभावी एक विचित्र पेच निर्माण होत असे : जाळ्याशी जोडण्यासाठी लागणारी फाइल जाळ्यावरूनच उतरवावी लागे. डेबियन प्रकल्पाने २०२२ मध्ये मतदान घेऊन असे अमुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमात समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला व २०२३ मधील डेबियन १२ पासून तो अमलात आला.

अस्थिरतेची कारणे

वीजबचत : राउटर साधारणतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या अस्तित्वाचा संदेश पाठवतो. वीज वाचवण्यासाठी चिप दोन संदेशांच्या दरम्यान झोपते. ड्रायव्हर किंवा फर्मवेअरमधील दोषामुळे ती वेळेवर जागी झाली नाही, तर प्रतिसाद मंदावतो किंवा जोडणी तुटते.

ड्रायव्हरांची स्पर्धा : एकाच चिपेवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू शकतात. ब्रॉडकॉमचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ व मुक्त ‘बी४३’ ही याची परिचित जोडी आहे. अशा वेळी नको असलेला ड्रायव्हर वर्ज्य यादीत टाकावा लागतो.

अँटेना : रिअलटेक ‘आरटीएल८७२३बीई’ चिप असलेल्या काही लॅपटॉपांत एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरीच निवडतो. परिणामी राउटरजवळ असूनही संदेश अत्यंत क्षीण मिळतो. ड्रायव्हरच्या ‘अँट-सेल’ या पर्यायाला १ किंवा २ हे मूल्य देऊन योग्य अँटेना निवडता येते.

ब्लूटूथ : ब्लूटूथ व वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ पट्टा वापरतात. एकाच चिपेवर दोन्ही असल्यास परस्परांत व्यत्यय येऊ शकतो.

देशसंकेत : कोणत्या वाहिन्या वापरता येतील हे देशसंकेतावर ठरते. संगणकावर अमेरिकेचा संकेत असल्यास १२ व १३ या वाहिन्यांवरील राउटर दिसत नाही. भारतात मात्र या वाहिन्यांना मुभा आहे.

निदान

प्रथम ‘एलएसपीसीआय’ किंवा ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने चिपेचा क्रमांक पाहतात; ‘एलएसपीसीआय’ला योग्य पर्याय दिल्यास वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नावही कळते. ‘आरएफकिल’ने रेडिओ बंद केलेला नाही याची खात्री होते. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर भरता न आल्याचा उल्लेख सापडतो. जोडणी संगणकाने तोडली की राउटरने, हेही या नोंदींवरून समजते. ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा संदेशाची तीव्रता दाखवते. राउटरशेजारीही ती उणे ८० डेसिबल-मिलिवॉटच्या आसपास असल्यास अँटेनाचा संशय घ्यावा लागतो. उणे ५० च्या आसपास असूनही जोडणी तुटत असल्यास दोष अन्यत्र शोधावा लागतो.

उपाय

वीजबचत ‘आयडब्ल्यू’ आज्ञेने तात्पुरती बंद करता येते. त्याने फरक पडल्यास नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत वीजबचतीला २ हे मूल्य देऊन बदल कायम करतात. मात्र त्याने बॅटरी लवकर उतरते. इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हरमध्ये ८०२.११एन बंद करण्याचा पर्याय आहे. त्याने जोडणी स्थिर होऊ शकते, पण कमाल वेग ५४ मेगाबिट प्रतिसेकंदापुरता सीमित होतो. एका वेळी एकच बदल केल्यास कोणता बदल उपयोगी पडला हे कळते.

नव्या चिपांसाठी अनेकदा नवे कर्नल हाच खरा उपाय असतो. रिअलटेकचे ‘आरटीडब्ल्यू८८’ व ‘आरटीडब्ल्यू८९’ हे ड्रायव्हर अनुक्रमे लिनक्स ५.२ (२०१९) व ५.१६ (२०२२) मध्ये आले. कर्नलबाहेरील ड्रायव्हर ‘डीकेएमएस’द्वारे बसवता येतात. मात्र कर्नलचे अंतर्गत संकेत बदलत असल्याने नव्या आवृत्तीत ते बांधले न जाण्याचा धोका असतो आणि सिक्युअर बूट चालू असल्यास त्यांना स्वाक्षरीही लागते.

या उपायांनी दोष न गेल्यास कार्ड बदलता येते. परंतु इंटेलची काही कार्डे केवळ ठरावीक इंटेल प्रक्रियकांसोबतच चालतात, तसेच काही लॅपटॉपांचे बायोस मान्य यादीबाहेरचे कार्ड नाकारते.