तायेर दे ग्राफिका पॉप्युलार

तायेर दे ग्राफिका पॉप्युलार : मेक्सिकोतील मुद्राचित्रकारांची सामूहिक कार्यशाळा. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘लोकांची मुद्राचित्र-कार्यशाळा’ असा होतो. लेओपोल्दो मेंदेस (१९०२–६९), पाब्लो ओहिगिन्स (१९०४–८३) व लुईस आरेनाल यांनी ती १९३७ मध्ये मेक्सिको सिटी येथे स्थापन केली. मेक्सिकन राज्यक्रांतीनंतर तेथील भित्तिचित्रकलेस राजाश्रय लाभला होता. तथापि भित्तिचित्र पाहण्यास लोकांनाच त्या इमारतीपाशी जावे लागे. खेड्यांत व कारखान्यांच्या दारांशी जाऊन पोहोचेल असे साधन म्हणजे छापील कागद. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) याने स्वस्त पत्रकांवर चितारलेले उपहासात्मक सांगाडे निरक्षर लोकांनाही उमगत. कार्यशाळेने त्यालाच आदर्श मानले.

काम प्रामुख्याने लिनोलियमच्या ठशांवर चाले. हे द्रव्य स्वस्त, कोरण्यास मऊ. त्यामुळे संपाचे भित्तिपत्रक अल्पावधीत तयार होई. सदस्याच्या कच्च्या रेखाटनावर बैठकीत इतर सदस्य टीका करीत व मगच ठसा कोरला जाई. घाईच्या मागणीमुळे यांतील बरीच पत्रके साचेबंद झाली, हे मान्य करावे लागते.

मेंदेसच्या एन नोंब्रे दे क्रिस्तो (१९३९) या सात शिलामुद्रितांच्या संचाबाबत मात्र असे म्हणता येणार नाही. १९३४ च्या घटनादुरुस्तीने मेक्सिकोत समाजवादी शिक्षणाचे धोरण आले. त्याच्या सशस्त्र विरोधकांनी अनेक ग्रामीण शिक्षकांची हत्या केली. संचाच्या पूर्ण शीर्षकात मृतांचा आकडा दोनशेहून अधिक दिला आहे. अक्षरे शिकविल्याबद्दल ज्यांचा जीव गेला, त्यांची हकीकत येथे अक्षरांवाचून कळते. मारेकऱ्यांपेक्षा भोवतालच्या माणसांवर चित्रकाराची दृष्टी अधिक स्थिरावते.

१९४७ मध्ये कार्यशाळेने मेक्सिकन क्रांतीवरील ८५ लिनोलियम-चित्रांचा संच प्रसिद्ध केला. एलिझाबेथ कॅटलेट (१९१५–२०१२) ही अमेरिकन कृष्णवर्णीय शिल्पकर्ती १९४६ मध्ये तेथे आली व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या श्रमजीवनावरील आपली चित्रमाला तिने तेथेच कोरली. १९६२ मध्ये तिने मेक्सिकोचे नागरिकत्व घेतल्यावर अमेरिकेने तिला प्रवेश नाकारला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधील तिच्या प्रदर्शनासाठी तो मिळाला. मेंदेस व अन्य प्रमुख सदस्य बाहेर पडल्यावर, १९६० नंतर, कार्यशाळेचे महत्त्व ओसरले.