खोटे पत्र, खरी सही

आजची गोष्ट साबणाच्या एका कॅलेंडरापासून सुरू होते. 1994 चा सुमार असेल. मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून नववीत शिकत होतो. आमच्या खाणावळीच्या भिंतीवर ते कॅलेंडर लटकलेले असे, आणि त्यावर एक हसरी मॉडेल. आमच्यातल्या एका चलाख मुलाने शोध लावला, की कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकले आणि आत आपला पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट ठेवले, तर बाईंचा सहीचा फोटो येतो, तोही फुकट. त्याने सरळ लिहिले, आपला फोटो आवडतो, सही करून एक पाठवावा. महिन्याभराने फोटो आला. सहीवर ओले बोट फिरवून पाहिले. सही हलेना. छापलेली होती.

मग दुसरे पत्र त्याने माझ्याकडून लिहवून घेतले, कारण माझे अक्षर बरे होते. त्या पत्रात मला एक धाकटा भाऊ होता. तो सहा महिने अंथरुणाला खिळलेला होता, आणि भिंतीवरच्या त्या कॅलेंडराकडे पाहिले म्हणजेच काय तो हसत होता. खरे सांगायचे तर मला भाऊच नाही. या पत्राला काय उत्तर आले ते मागाहून सांगतो. एवढे मात्र सांगून ठेवतो, की त्यानंतर दोनतीन महिने आम्ही निरनिराळ्या नावांनी, निरनिराळी दुखणी लावून अशी पत्रे पाठवीत होतो, आणि आलेले फोटो माझा मित्र वरच्या वर्गातल्या मुलांना दोन दोन रुपयांना विकीत होता. पत्रलेखनाच्या प्रश्नाला मला नेहमी चांगले गुण पडत. त्या गुणांमागची ही तालीम आमच्या गुरुजींना ठाऊक नव्हती.

ही युक्ती आमचीच, असे आम्हाला वाटे. पुढे इतिहासाची पुस्तके चाळताना कळले, की आमच्या आधी दीडशे वर्षे पॅरिस शहरात हा धंदा चांगला चालू होता.

पण आधी हे बघा, की लोकांना दुसऱ्याची सही हवीशी का वाटू लागली? आपल्याकडे मराठेशाहीतले कागद पाहिले, तर मजकूर कारकुनाच्या हातचा असतो, वर शिक्का आणि शेवटी मोर्तब. त्या उमटवल्या की कागद पक्का. स्वतः राजाने बोटांत लेखणी धरली की नाही, याची चौकशी कोणी करीत नसे. युरोपात सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतले विद्यार्थी एक वही बाळगू लागले. गुरूंनी आणि स्नेह्यांनी तीत दोन ओळी लिहून खाली सही करायची. ही सही ओळखीच्या माणसाची असे. अनोळखी माणसाची सही मागण्याची हौस फार उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रे घरोघर जाऊ लागली, टपाल स्वस्त झाले, आणि ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाबद्दल आपलेपणा वाटू लागला. हा आपलेपणा नवा होता, आणि खोटा नव्हता. त्याचाच फायदा पुढे ठकांनी घेतला.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ल्युडोव्हिक पिकार नावाचा एक इसम होऊन गेला. त्याने एक पत्र तयार केले. मी एक अभागी, जगाने न ओळखलेला माणूस आहे, माझी आशा संपली आहे, जीव द्यावा असे वाटते, तेव्हा आपणच मला काही मार्ग दाखवावा, अशा आशयाचे. आणि हेच पत्र त्याने एकामागून एक नामवंतांना धाडले. कवी बेरांजे यांना, हायने यांना, त्या काळचे थोर धर्मोपदेशक लाकोर्देर यांना. आता असे पत्र हाती आल्यावर सज्जन माणूस काय करील? तो हातातले काम बाजूला ठेवील आणि उत्तर लिहायला बसेल. लाकोर्देर यांनी पानेच्या पाने लिहून त्याची समजूत घातली. जो माणूस मरायला निघालेलाच नव्हता, त्याला जगवण्यासाठी! पिकारला नुसत्या सहीपेक्षा हेच हवे होते, कारण स्वाक्षऱ्यांच्या बाजारात नुसत्या सहीला किंमत कमी, आणि मनापासून लिहिलेल्या लांब पत्राला जास्त. शेवटी जूल सांदो या कादंबरीकाराने हे बिंग फोडले.

मला या हकिकतीत पिकारपेक्षा लाकोर्देर यांचाच विचार जास्त पडतो. फसवणूक उघड झाल्यानंतर दुसऱ्या एखाद्या खऱ्याच दुःखी माणसाचे पत्र त्यांच्या मेजावर आले असेल, तर? ते त्यांनी कोणत्या नजरेने उघडले असेल?

अर्थात खोटे बोलल्याशिवाय सही मिळतच नाही, असेही नव्हे. अमेरिकेत एडवर्ड बॉक नावाचा मुलगा होता. 1863 साली हॉलंडात जन्मलेला, लहानपणीच आईबापांबरोबर ब्रुकलीनला आलेला, गरिबीमुळे तारऑफिसात पोऱ्याचे काम करणारा. थोरांची चरित्रे वाचताना त्याला शंका येत. जेम्स गारफील्ड हे लहानपणी खरोखरच कालव्याच्या काठाने नावा ओढणाऱ्या जनावरांमागे चालत होते काय? पुस्तकाला विचारण्यापेक्षा त्याने गारफील्ड यांनाच पत्र घालून विचारले, आणि उत्तर आले. मग त्याला नादच लागला. सेनापतींना लढाईबद्दल विचार, कवींना कवितेबद्दल विचार. प्रत्येक प्रश्न खरा असे, म्हणून प्रत्येक उत्तरही भरगच्च येई. हाच मुलगा पुढे मोठा संपादक झाला आणि त्याच्या आत्मचरित्राला 1921 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. शिक्षकमंडळींनी हे आत्मचरित्र मिळाल्यास जरूर वाचावे.

तरी या भल्या मुलाच्या हातूनही एक प्रसंग घडला. 1881 साली तो वृद्ध इमर्सनना भेटायला गेला. त्यांची स्मृती तेव्हा पार गेली होती. बॉकने सही मागितली तेव्हा कसले नाव, कोणाचे नाव, हेच त्यांना उमगेना. तुला हवे ते नाव तू लिहून दे, मी जमल्यास उतरवून देतो, असे ते म्हणाले. बॉकने 'राल्फ वॉल्डो इमर्सन' असे लिहून दिले, आणि त्या थोर लेखकाने एकेक अक्षर पाहून, धुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलासारखे, स्वतःचेच नाव उतरवले. पुढच्याच वर्षी ते वारले. ही सही शंभर टक्के अस्सल खरी, पण ती पाहून कोणाला आनंद होईल, ते मला सांगता येणार नाही.

आता फोटोकडे वळू. 1854 साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान फोटो घेण्याचे पेटंट मिळवले. भेटीच्या कार्डाएवढा फोटो स्वस्तात मिळू लागला. 1860 साली इंग्लंडच्या राणीच्या घराण्याचे असे फोटो बाजारात आले आणि अल्बम ठेवण्याचे खूळ घरोघर पसरले. नंतर लंडनच्या दुकानांच्या काचांतून सुंदर स्त्रियांचे फोटो झळकू लागले. त्यांत लिली लँगट्री ही अग्रगण्य. 1877 च्या सुमारास ती लंडनच्या नजरेत भरली, 1881 साली रंगभूमीवर आली, आणि लगेच साबणाच्या जाहिरातीतही दिसू लागली. म्हणजे आमच्या खाणावळीतल्या कॅलेंडरावरच्या बाईंची ही पणजीच म्हणायची. चेहरा आता दोन पैशांना कोणालाही मिळू लागला. तेव्हा ज्याच्यापाशी त्या चेहऱ्याखाली हाताची सही, त्याचा फोटो वेगळा. सहीच्या फोटोची सारी मातबरी यातच आहे, की छापलेली वस्तू हजारांची असते, आणि शाईची रेघ आपल्या एकट्याची.

पण मागणारे हजार झाले म्हणजे त्या एका हाताने करायचे काय? काहींनी यातून चांगली वाट काढली. आपल्या मुंबईत जन्मलेले रड्यार्ड किपलिंग 1890 नंतर काही वर्षे अमेरिकेत राहत होते. सही हवी असेल तर न्यूयॉर्कच्या गरीब मुलांना उन्हाळ्यात मोकळ्या हवेत नेणाऱ्या निधीला अडीच डॉलर द्या आणि पावती दाखवा, असा त्यांचा नियम होता. आपल्याकडे गांधीजींनी हेच केले. 1933 च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून ते हरिजन दौऱ्यावर निघाले, त्या काळात सहीचे पाच रुपये, आणि ते हरिजन निधीला, हा त्यांचा शिरस्ता सर्वांना माहीत होता. फुकट सही नाही म्हटल्यावर दहा नावांनी दहा पत्रे पाठवणाऱ्याला काही उरतच नाही.

सिनेमावाल्यांनी मात्र दुसरी वाट धरली. क्लारा बो या नटीला 1929 च्या एकट्या जानेवारी महिन्यात पंचेचाळीस हजारांवर पत्रे आली, असे सांगतात. दिवसाला दीड हजार! कोण वाचणार आणि कोण सही करणार? स्टुडिओंनी त्यासाठी वेगळे खातेच उघडले. तिथे पगारी माणसे बसून तारकांच्या नावाने सह्या करीत, रबरी शिक्के मारीत, किंवा सहीसकट फोटो छापून घेत. जीन हार्लो ही त्या काळची अत्यंत लोकप्रिय नटी, 1937 साली अवघ्या सव्वीसाव्या वर्षी वारली. तिच्या सहीचे म्हणून जे फोटो लोकांनी जपून ठेवले, त्यांतल्या पुष्कळांवर तिच्या आईने सही केलेली आहे. अक्षर अगदी घोटून बसवलेले. जाणकारांना ते आज ओळखू येते. ज्या मुलांनी फोटो उशाशी ठेवले, त्यांना ते कधीच कळले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात बेटी ग्रेबलच्या 1943 च्या एका फोटोच्या लाखो प्रती सैनिकांकडे गेल्या. युद्धानंतर तर सही करणारी यंत्रेच आली. 'ऑटोपेन' म्हणतात त्याला. खरी सही एकदा नमुन्याला दिली, की यंत्राचा हात खऱ्या लेखणीने, खऱ्या शाईने तीच सही पुन्हा पुन्हा काढतो. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कचेरीतल्या या यंत्रावर 1965 साली एका अमेरिकन तज्ज्ञाने पुस्तकच लिहिले. ओले बोट फिरवण्याची आमची परीक्षा तिथे काय कामाची?

म्हणजे गंमत पाहा. मागणारा खोटा, म्हणून देणारा सावध. देणारा यंत्राकडून सही करवून घेतो, म्हणून खऱ्या सहीचा भाव चढतो. भाव चढला, की खोटे मागणारे आणखी वाढतात. या चक्रात भरडला जातो तो कोण? एखाद्या आडगावचा मुलगा, ज्याला खरोखरच त्या माणसाबद्दल प्रेम आहे आणि ज्याने सरळ तेवढेच लिहिले आहे. त्याच्या पत्रात रडकथा नसते. म्हणून छापील फोटो त्याच्याच वाट्याला येतो.

अलीकडचे सांगायचे तर, संगणकावरून घरबसल्या लिलाव होऊ लागल्यापासून फुकट मिळालेली सही आठवड्यात विकता येते. मॉडेल, नट, खेळाडू यांना येणाऱ्या पत्रांत चाहता कोणता आणि दुकानदार कोणता, हे ओळखणे अवघड झाले. बीटल्स या प्रसिद्ध गायकवृंदातले रिंगो स्टार यांनी 2008 साली जाहीरच केले, की 20 ऑक्टोबरनंतर येणाऱ्या पत्रांवर सही करणार नाही, पत्रे पाठवू नका. कोणी रागावले, कोणी हसले. मला तरी त्यांचा राग आला नाही. काही भामट्यांनी तर मागण्याचेही कष्ट वाचवले. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने 1990 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बनावट सह्यांच्या एका मोठ्या टोळीवर कारवाई केली. त्या टोळीच्या मालात बेसबॉलच्या चेंडूंवर सह्या होत्या, आणि त्यांतल्या काहींवर चक्क मदर तेरेसा यांची सही होती! मदर तेरेसा आणि बेसबॉलचा चेंडू, ही जोडी घेणाऱ्याला खटकली कशी नाही, याचेच मला नवल वाटते. पण हवीशी वस्तू समोर आली म्हणजे माणूस प्रश्न कमी विचारतो.

आता त्या उत्तराचे सांगायचे राहिले. माझ्या नसलेल्या भावाचे पत्र गेल्यावर पंधराच दिवसांत पाकीट आले. या वेळचा फोटो मोठा होता, आणि मागे इंग्रजीत चार ओळी होत्या. तू लवकर बरा होशील, औषध वेळेवर घेत जा, आणि बरा झालास की मला कळव. खाली सही. ते अक्षर त्या बाईंचे होते, की कंपनीतल्या एखाद्या कारकुनाचे, की हार्लोच्या आईसारख्या कोणा आईचे, हे मला आता कसे कळणार? मित्राने नेहमीप्रमाणे सहीवर ओले बोट फिरवले. शाई पसरली. सगळे शब्द नाहीत, पण सही आणि 'कळव' हा शब्द निळ्या डागात बुडाला.

डाग पडल्यामुळे तो फोटो कोणी विकत घेईना. मित्र म्हणाला, "तूच ठेव, पत्र तुझ्याच हातचं होतं." तो अजून माझ्याकडे आहे. भाऊ बरा झाल्याचे मी कळवले नाही.