सरासरीची रेघ

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं अर्धं आयुष्य कोड आणि टेबलं यांतच जातं. इंग्लंडला आल्यावर आकडेवारीच्या फायलींत 'यूकेके३' आणि 'यूकेके४' हे कोड सारखे भेटायचे. पहिला कॉर्नवॉल व सिली बेटांचा, दुसरा शेजारच्या डेव्हनचा. या दोन ओळी वेगळ्या कशा झाल्या, हा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१९७० च्या दशकात युरोपीय समुदायाने 'नट्स' नावाची पद्धत आणली. (नावाला हसू नका!) प्रत्येक देशाचे मोठे, मध्यम आणि लहान असे सांख्यिकी विभाग पाडायचे, म्हणजे एका देशाच्या भागाची दुसऱ्याच्या भागाशी तुलना करता येते. पुढे याच विभागांवर पैसाही वाटला जाऊ लागला. मध्यम विभागाचं दरडोई उत्पादन युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याला सर्वाधिक मदत मिळे.

कॉर्नवॉलची पंचाईत इथेच होती. कथिलाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. साउथ क्रॉफ्टी ही शेवटची खाण मार्च १९९८ मध्ये थांबली. पण हिशेबात कॉर्नवॉल डेव्हनबरोबर एकाच विभागात! एक्सेटर, प्लिमथसारख्या शहरांमुळे सरासरी वर जायची आणि कॉर्नवॉलची गरिबी त्यात झाकली जायची. वेगळ्या विभागाची मागणी जोर धरू लागली आणि १९९८ मध्ये ती मान्य झाली. तिथल्या कुणाचा पगार एका पेनीने बदलला नव्हता, तरी २००० ते २००६ या काळासाठी कॉर्नवॉल मदतीला पात्र ठरलं. पेनरिनचा विद्यापीठ परिसर त्याच पैशांच्या आधाराने उभा राहिला.

पुढे २००३ च्या युरोपीय कायद्याने मध्यम विभागासाठी ८ ते ३० लाख लोकसंख्या ठरवली. कॉर्नवॉलची जेमतेम ५ लाख. पण तोवर त्याची ओळ टेबलात पक्की झाली होती. आणि गंमत बघा, २०१६ च्या सार्वमतात याच कॉर्नवॉलने ५६.५ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला! २०२१ पासून ब्रिटनने 'नट्स'ऐवजी स्वतःची 'आयटीएल' पद्धत सुरू केली. सुरुवातीला सीमा त्याच राहिल्या, कोडची आद्याक्षरं तेवढी बदलली.

तेव्हा मंडळी, कुठलीही सरासरी वाचली की आधी विचारावं, ती नेमकी कुणाकुणाची काढली आहे? मदत मागायची तर आधी वेगळं मोजलं जावं लागतं.