हमी पंचवीस वर्षांची

विक्रेता वस्तूचं प्रात्यक्षिक दाखवायला लागला, की आपण दोन पावलं मागं सरकावं. आमच्याकडे मिक्सर विकायला आलेल्या एका गृहस्थांनी चटणीचा पहिला नमुना थेट छताला लावला आणि वर म्हणाले, "किरकोळ ॲडजस्टमेंट आहे, साहेब!" चटणीच्या जागी गोळ्या घाला, की 'ओम्नी कन्झ्युमर प्रॉडक्ट्स' या कंपनीचा सगळा इतिहास तुम्हांला कळलाच म्हणून समजा.

कंपनी काल्पनिक. पॉल वर्होवन या डच दिग्दर्शकाच्या १९८७ सालच्या 'रोबोकॉप' या अमेरिकन चित्रपटातली. गाव डेट्रॉइट, काळ उद्या-परवाचा. (चित्रीकरण बरंचसं डॅलसला. म्हणजे गावसुद्धा डुप्लिकेट!) ही कंपनी शहराचं पोलीसखातंच चालवायला घेते आणि 'एड-२०९' नावाचा यंत्रशिपाई बनवते. दोन पाय, हातांच्या जागी बंदुका आणि मानेचा पत्ता नाही. संचालकांच्या सभेत त्याचं प्रात्यक्षिक होतं. एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात. यंत्र दरडावतं, वीस सेकंदांत टाक. तो बिचारा लगेच टाकतो. पण यंत्राची मोजणी आपली चालूच! माणूस जातो. यंत्र बनवणारे साहेब म्हणतात, किरकोळ बिघाड. आणि अध्यक्ष हळहळतात ते बांधकाम रखडलं तर पाच कोटी डॉलर व्याज अंगावर येईल म्हणून.

पुढं हाच शिपाई जिन्यावरून गडगडतो आणि उताण्या झुरळासारखा पाय झाडत पडतो. आमच्या चाळीत त्याची एक दिवसही ड्यूटी झाली नसती!

हे सिनेमातलं झालं. खऱ्या अमेरिकन लष्करानंही विमानं पाडायला 'सार्जंट यॉर्क' नावाची तोफगाडी करवून घेतली होती. जुन्या रणगाड्याचा सांगाडा, त्यावर ४० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि लढाऊ विमानाच्या धर्तीचं रडार. बनवणारी फोर्ड मोटार कंपनीचीच शाखा, म्हणजे घराणं पुन्हा डेट्रॉइटकडचं. एका प्रात्यक्षिकात तोफांनी पाहुण्यांच्याच मंडपावर नेम धरला आणि एकदा रडारला शत्रू सापडला तो संडासाच्या पंख्यात, असं तेव्हा छापून आलं होतं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी हे प्रकरण बंद केलं. तोवर पन्नासेक गाड्या आणि सुमारे १८० कोटी डॉलर झाले होते.

सिनेमातल्या त्या साहेबांचा हिशेब सरळ होता. लष्कराची खरेदी ठरलेली, पंचवीस वर्षं सुटे भाग विकायचे. यंत्र चालतं की नाही, ही पंचाईत कोणाला?

मिक्सर बिघडला तर चटणी पाट्यावर वाटता येते. एड-२०९ पुढं उभ्या राहिलेल्या पोराला तशी सोय नव्हती. आज स्वतःच नेम धरणाऱ्या यंत्रांच्या गोष्टी जगभर चालल्या आहेत. चालू द्यात. आपण एवढंच विचारावं, की समोरच्यानं बंदूक खाली टाकली, हे त्याला कळतं का? आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्रासमोर विक्रेत्यालाच उभं करावं.