वार, बटाट्याची साल आणि रक्ताची गुठळी: न भरणाऱ्या जखमेची मुंबईतील कथा

भिवंडीत यंत्रमाग अहोरात्र धडधडतात आणि मागापुढचा कामगार बारा-बारा तास उभा असतो. पायांच्या शिरा फुगतात, घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि साधा ओरखडा महिनोन्महिने चिघळत राहतो. जोडीला मधुमेह असेल तर तळव्याची जखम पुष्कळदा दुखतही नाही. म्हणूनच ती अधिक घातक. लाखो वार कापड विणणाऱ्या या गावाजवळ अशा जखमेसाठी दीर्घकाळ उपाय होता तोही कापडाचाच: कोरडे, जाळीदार गॉज.

‘जखम उघडी ठेवा, सुकू द्या’ ही समजूत घरोघरी होती, रुग्णालयांतही होती. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून तिला धक्का दिला. ओल टिकवणाऱ्या आवरणाखाली नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने सरकते, असे त्यांना आढळले. गॉज मात्र सुकून चिकटते आणि पट्टी बदलताना कोवळी त्वचा घेऊनच निघते.

ओल राखणाऱ्या परदेशी पट्ट्या महाग होत्या. यावर मुंबईने शोधलेली उत्तरे विलक्षण आहेत. पहिली उत्तरे भाजलेल्या रुग्णांच्या कक्षातून आली. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून वापरल्या. १९८५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. सालीत औषध नव्हते. तिचे काम एकच, जखम सुकू न देणे. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. ती बटाट्याच्या सालीहूनही कित्येक पटींनी स्वस्त पडली.

जुनाट जखमांसाठी अधिक महत्त्वाचे साधन परळला तयार झाले. मराठीत ‘वार’ म्हणजे घाव, आणि प्रसूतीनंतर पडते तीही वार. तिच्यासोबत येणारा गर्भपिशवीचा पातळ पडदा एरवी फेकूनच दिला जातो. १९८८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात ऊतीपेढी सुरू झाली. तेथे मातेच्या रक्ताची तपासणी करून हा पडदा स्वच्छ केला जाई, गोठवून सुकवला जाई आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केला जाई. तुर्भे येथे ‘आयसोमेड’ हा किरण-निर्जंतुकीकरणाचा प्रकल्प १९७४ पासून चालू होताच. अणुऊर्जेचा इतका सौम्य उपयोग क्वचितच आठवला जातो! २००३ मध्ये या पेढीच्या डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी सहलेखकासह किरणोपचारांमुळे झालेल्या हट्टी जखमांवर या पडद्याचा उपयोग नोंदवला.

त्याच १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रक्तातील बिंबिका पेशींची वाढ चेतवणारा घटक सोडतात. १९८६ मध्ये डेव्हिड नाइटन यांनी रुग्णाच्याच बिंबिकांतील घटक जुनाट जखमांवर लावले. २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी कृती आणखी सोपी केली: रक्त कोणतेही रसायन न घालता लगेच यंत्रात फिरवायचे, मधोमध तयार होणारी फायब्रिनची गुठळी काढायची आणि जखमेवर बसवायची. सुश्रुतसंहितेने दूषित रक्त जळूने काढायला सांगितले होते. येथे रुग्णाचे रक्त जखमेत परत ठेवले जाते.

पण गुठळी असो वा पडदा, सडलेल्या, पू भरलेल्या जखमेवर तो निरुपयोगी. आधी मृत मांस खरवडून काढावे लागते, संसर्ग आणि साखर आटोक्यात आणावी लागते, पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. फुगलेल्या शिरांच्या जखमेला घट्ट दाबपट्टी हवी, मधुमेही तळव्यावरचा भार उतरवायला हवा. रक्त फिरवायचे यंत्र आज साध्या रक्त-तपासणी केंद्रातही असते. पाय वर ठेवून आठवडेच्या आठवडे बसणे मात्र रोजंदारीवरच्या मागवाल्याला परवडत नाही. आणि तेवढे दिवस माग दुसऱ्याच्या हाती जातो.