राहींचे महाभारत : अपवाद की परंपरा?

२ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. १९९० मध्ये ९४ भागांनंतर ती संपली, तेव्हा व्यासांची कथा निरक्षर माणसाच्याही घरात पोहोचली होती. तिची पटकथा व संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे होते. या गोष्टीचा उल्लेख झाला की आपल्यापुढे दोन प्रतिक्रिया येतात. 'मुसलमान असूनही' त्यांनी महाभारत लिहिले, असे कौतुक एकीकडून होते. मुसलमानाने ते का लिहावे, अशी कुरकुर दुसरीकडून होते. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. राही हा अपवाद होता, हा तो गैरसमज.

इतिहास वेगळे सांगतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी, हुसेनशाहाच्या काळात, चितगावचा सुभेदार परागल खान याने कवींद्र परमेश्वराकडून बंगालीत महाभारत लिहवून घेतले. त्याचा मुलगा छुटी खान याने श्रीकर नंदीकडून अश्वमेधपर्व रचवले. १५८२ साली अकबर बादशहाने महाभारताचा फारसी अनुवाद करण्याचे फर्मान काढले. पंडितांनी अर्थ सांगायचा आणि नकीब खान, बदायुनी, मुल्ला शेरी, सुलतान हाजी थानेसरी यांनी तो फारसीत उतरवायचा, अशी पद्धत होती. ग्रंथाला नाव मिळाले 'रज्मनामा', म्हणजे युद्धाचा ग्रंथ. दोन समाजांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले तर द्वेष कमी होईल, ही बादशहाची भूमिका अबुल फझल याने प्रस्तावनेत मांडली. बदायुनीला हे काम मनापासून रुचले नव्हते, आणि आपल्या इतिहासग्रंथात त्याने ती नाराजी लपवली नाही. म्हणजे कुरकुरही तितकीच जुनी आहे. पण ग्रंथ पूर्ण झाला, आणि दरबारी चित्रकारांनी तो सजवला.

राही या वाटेवरचे प्रवासी होते. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली हे त्यांचे गाव. मोहरमचे ताजिये आणि फाळणीची जखम यांची कहाणी त्यांनी 'आधा गाव' (१९६६) या कादंबरीत मांडली. अलीगढला त्यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानवर संशोधन केले. गंगेला ते आपली आई मानत. मालिकेसाठी त्यांचे नाव पुढे येताच चोप्रांकडे आक्षेपाची पत्रे आली. वेळ नाही म्हणून आधी नकार देणाऱ्या राहींनी ती पाहिल्यावरच काम स्वीकारले, असे सांगितले जाते. सोबत पंडित नरेंद्र शर्मा सल्लागार होते. १९८९ मध्ये, मालिका चालू असतानाच, ते निवर्तले.

कथा सांगणारा कोण असावा, हा मोठा पेच होता. मालिकेत तो मान 'समय' म्हणजे काळाला मिळाला आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजाने तो घरोघरी पोहोचला. काळाला ना जात, ना धर्म, ना पक्ष. शिवाय कथेत मधूनच थांबून श्रोत्याशी बोलणारा निवेदक दास्तानगोईच्या अभ्यासकाला परका नव्हता. 'पिताश्री', 'माताश्री', 'भ्राताश्री' ही संबोधने लोकांच्या तोंडी रुळली. शब्द संस्कृत असले, तरी त्यांतली अदब आम्हाला अब्बाजान, अम्मीजान, भाईजानची आठवण देते.

मात्र राहींना केवळ सद्भावनेचे प्रशस्तिपत्र देणे हाही अन्यायच आहे. त्यांची चिकित्सा व्हावी. मयसभेत पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवते, हा प्रसंग मालिकेने घराघरात पक्का केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो टोमणा नाही. लोकपरंपरेतला प्रसंग नाट्यासाठी घेतला गेला आणि युद्धाचा दोष नकळत एका स्त्रीच्या जिभेवर गेला. हे बोलण्याचा अधिकार वाचक म्हणून आपल्यालाही आहे.

काळ कठीण होता. मालिका चालू असतानाच नोव्हेंबर १९८९ मध्ये अयोध्येत शिलान्यास झाला. पौराणिक मालिकांनी धार्मिक राजकारणाला बळ दिले, असे काही अभ्यासक म्हणतात. ते सर्वस्वी नाकारता येणार नाही. पण त्याच पडद्यावर भावाभावांच्या वैराने कुळाची राखरांगोळी कशी होते, हेही दिसत होते. ते दाखवणारी लेखणी गंगौलीची होती. १५ मार्च १९९२ रोजी राही गेले. ६ डिसेंबर त्यांना पाहावा लागला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली आणि नव्या पिढीने ती पाहिली. या पिढीला राहींविषयी सांगताना 'असूनही' हा शब्द आपण वगळावा. परागल खान, नकीब खान आणि राही यांनी परक्याचे घर सजवले नाही. ज्या मातीत वाढले, त्या मातीची कथा त्यांनी आपापल्या काळाच्या भाषेत सांगितली. हा वारसा आपलाही आहे. त्यासाठी कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही.