काडेपेटी, व्हॉल्व्ह ट्यूब आणि बाभळीचा काटा

घरातल्या साध्या वस्तूंतून विज्ञान शिकण्याची जी रीत आज महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे, तिचा एक महत्त्वाचा प्रवाह मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातून आला आहे. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये तेथील १६ शासकीय शाळांत विज्ञान शिक्षणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात सहावी ते आठवीच्या मुलांनी व्याख्या पाठ करण्याऐवजी प्रयोग करावा, दिसले ते नोंदवावे आणि चर्चेतून निष्कर्ष काढावा, अशी अपेक्षा होती. ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तिकेत म्हणूनच उत्तरांपेक्षा प्रश्नांना स्थान होते, आणि परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा असून प्रत्यक्ष प्रयोगाला गुण होते. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर पसरला व १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा घेतली.

पुण्यातील कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन येथे आले आणि त्यांनी काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवण्याची बारीक रबरी नळी, यांची सांगड घातली. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्ही टोकांकडून गूल खरवडलेल्या काड्या खोचल्या की लवचीक सांधा तयार होतो. त्याच्या मध्यभागी बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी बसवता येते. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही, आणि पुलांच्या व छपरांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला स्वतःच्या बोटांतून उमगते. येथे स्वस्ताई ही केवळ गरिबीतली तडजोड नव्हती. मोडले तरी रागावणे नाही, अशा वस्तूशीच मूल निर्भयपणे झटापट करते, हे त्यामागचे शैक्षणिक तत्त्व होते.

मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये हा उपक्रम बंद केला. तथापि गुप्ता यांनी पुढे पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम चालवले. शाळेतला उपक्रम शासकीय आदेशाने थांबू शकला; काडेपेटीतला प्रयोग मात्र थांबला नाही, कारण त्याला लागणारे साहित्य मुलाच्या घरातच होते.